ॲस्परॅगस कोवळा कसा ओळखावा आणि खान्देशच्या उन्हात कोवळा कसा ठेवावा

भेंडीचं शेपूट मोडून पाहायचं, गवारीला नख लावायचं, शेवग्याची शेंग जरा पिळून बघायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बाजारात मावशी स्वतःच म्हणते, "कवळी शे ताई, मोडी देखा." ॲस्परॅगसच्या कोंबांची जुडी समोर आली की मात्र हाच हात अडखळतो. ती असते मॉलच्या थंड कपाटात, रबरबँड लावलेली, वरून प्लॅस्टिक गुंडाळलेली. मोडून पाहायची सोय नाही, आणि किंमत अशी की चोथा निघाला तर घरात आठवडाभर टोमणे ऐकावे लागतात.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या रोजच्या भाजीबाजारात हा कोंब सहसा दिसत नाही. कुणी पुण्याहून येताना आणतं, कुणी नाशिक किंवा सुरतच्या फेरीत घेतं, कुणी ऑनलाइन मागवतं. म्हणजे आपल्या हातात पडेपर्यंत त्याचा बराच प्रवास झालेला असतो. एवढं एकच डोक्यात पक्कं ठेवा: हा कोंब कापल्यावरही जून होत राहतो. कापल्यापासून किती तास गेले आणि ते किती गरमीत गेले, यावर त्याचा कोवळेपणा ठरतो. जाडी, रंग, कुठल्या देशाचा, हे सगळं त्यानंतर.

आधी झाड समजून घ्या

ॲस्परॅगस हे बहुवर्षायू झाड. जमिनीखाली त्याचा मुळांचा गड्डा वर्षानुवर्षं राहतो आणि हंगाम आला की त्यातून कोंब वर येतात. लावल्यावर पहिली दोन वर्षं शेतकरी कोंब जवळजवळ काढतच नाहीत, गड्डा पोसू देतात. पुढे तोच वाफा पंधरा-पंधरा वर्षं उत्पन्न देतो. कोंब वेळेवर कापला नाही तर शेंडा उकलतो, फांद्या फुटतात आणि केसांसारखी बारीक, झुपकेदार पालवी येते. आपण खातो तो त्या आधीचा, डोकं घट्ट मिटलेला कोंब. हवा उबदार असली की तो एका दिवसात कित्येक इंच वाढतो, म्हणून हंगामात रोज तोडणी करावी लागते.

आपली शतावरी याच कुळातली. सातपुड्यात पाऊस पडला की तिचे कोवळे कोंब भाजीसाठी खुडतात, आणि तिथेही तेच: वेळेवर खुडला तर भाजी, उशीर झाला तर काट्यांचा वेल. ज्याने हे कोंब खुडलेले आहेत, त्याला पुढचं अर्धं आधीच ठाऊक आहे.

एक सूचना इथेच देऊन टाकतो. नर्सरीत मिळणारी आणि पुष्पगुच्छात घालतात ती शोभेची ॲस्परॅगस खायची नाही. झाडाला लागणारी लाल फळंही खायची नाहीत, मग ते झाड शोभेचं असो की भाजीचं. घरात लहान मुलं असतील तर हे मुद्दाम सांगून ठेवा.

पायरी १: दुकानात जुडी उलटी धरा

बहुतेक लोक शेंडा बघून जुडी उचलतात. तुम्ही आधी बूड बघा. कोंब जून होतो तो बुडापासून, आणि सुकतोही कापलेल्या तोंडापासून. ताज्या कोंबाचं बूड ओलसर, भरलेलं आणि गोल असतं. दोन-चार दिवस झालेलं बूड कोरडं पडतं, कडेने आत दबतं, गोलाचं चपटं होतं. आणखी जुनं असेल तर तपकिरी होऊन उभी चीर पडते. बुडाशी थोडा पांढरा भाग असला तर तेवढ्याने बिघडत नाही, तो जमिनीखालचा भाग. पण निम्म्या कोंबापर्यंत पांढरट, लाकडासारखा कडक भाग असेल, तर तुम्ही अर्ध्या जुडीचे पैसे कचऱ्यासाठी देताय.

काही ठिकाणी बुडाला ओला कागद किंवा स्पंज लावून ठेवतात. तो बाजूला सरकवून बघा. दुकानदार वैतागला तरी चालेल.

मग शेंडे. खवले घट्ट मिटलेले हवेत, टोकाला हिरवा किंवा जांभळट रंग. शेंडा फिस्कटून मोकळा झाला असेल तर तो कोंब शेतातच उशिरा कापलेला आहे, किंवा गरमीत वाढलेला आहे; उन्हाळ्याच्या तापमानात कोंब पुरता उंच होण्याआधीच डोकं उघडतो आणि आतून दोरेही लवकर धरतो. शेंडा काळपट, ओला, बोटाला चिकट लागत असेल तर जुडी लगेच खाली ठेवा. सडायला सुरुवात तिथूनच होते, आणि प्लॅस्टिकच्या आतूनही त्याचा आंबूस वास येतो. सवलतीची चिठ्ठी लावलेल्या जुड्यांचे शेंडे दोनदा बघा.

तिसरं, अंग. कोंब ताठ, तुकतुकीत, चमकदार हवा. उभ्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर त्यातलं पाणी गेलंय. आणि एक खूण बघायची नाही, ऐकायची: जुडी दोन्ही हातांत धरून हलकेच चोळा. ताजे कोंब एकमेकांवर घासून चक्क चुरचुरतात. शिळी जुडी गप्प राहते.

जाडीबद्दल मोठा गैरसमज आहे. बारीक म्हणजे कोवळा आणि जाड म्हणजे निबर, हा भेंडीचा हिशोब इथे चालत नाही. भेंडी मोठी होते ती झाडावर जास्त दिवस राहिल्याने. ॲस्परॅगसचा कोंब मात्र जमिनीतून निघतानाच जाड किंवा बारीक निघतो. गड्डा जोमदार असेल तर जाड, गड्डा थकलेला किंवा वाफा दाटलेला असेल तर बारीक. जाड कोंब आतून जास्त रसाळ असतो; बारीक कोंबात गाभ्याच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त, आणि दोरे असतात ते मुख्यतः सालीच्या बाजूला. मला विचाराल तर मी करंगळीपेक्षा थोडा जाड कोंब घेतो. बारीक पाहिजे असेल तर बारीक घ्या, पण एका जुडीत सगळे एकाच जाडीचे असू द्या, नाहीतर शिजवताना निम्मे कच्चे आणि निम्मे गाळ.

रंगाचं थोडक्यात: हिरवा आपल्याकडे सगळ्यात सहज मिळतो. पांढरा म्हणजे तेच झाड, पण मातीच्या ढिगाखाली, उजेड न लागू देता वाढवलेलं. त्याची साल हमखास चिवट, शेंड्याखालून बुडापर्यंत सोलावीच लागते. जांभळा जरा गोड असतो आणि शिजवला की हिरवा होतो, त्यामुळे रंगासाठी जादा पैसे मोजले असतील तर कच्चाच, पातळ कापून खा.

पायरी २: घरापर्यंतचा प्रवास

खान्देशातल्या माणसाला खरं सांभाळायचं असतं ते इथे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. नाशिकहून धुळ्याला गाडीने यायचं, सुरतहून नंदुरबारला रेल्वेने यायचं म्हणजे काही तास आलेच. ॲस्परॅगस ही श्वास फार जोरात घेणारी भाजी आहे. कापल्यावरही तिचा श्वासोच्छ्वास बहुतेक भाज्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यात स्वतःची साखर जाळते, आणि उरलेल्या अंगात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, भरत जातो. गरमी वाढली की हे सगळं वेगाने होतं. पहिल्याच दिवसात गोडवा बराच उतरतो.

म्हणून खरेदीच्या यादीत हे सगळ्यात शेवटी घ्या, निघायच्या वेळी. जुडी ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, थर्माकोलच्या डब्यात किंवा थर्मलच्या पिशवीत ठेवा, सोबत बर्फाची पिशवी. बर्फ थेट कोंबांना लागू देऊ नका, मध्ये कापड असू द्या. गाडीच्या डिकीत टाकू नका, बंद डिकी म्हणजे भट्टीच. एसी गाडी असेल तर सीटखाली, सावलीत.

आणि केळी शेजारी नको. आपल्या जिल्ह्यात हे सांगणं म्हणजे पाण्यातल्या माशाला पाण्यापासून लांब राहा म्हणण्यासारखं आहे, पण कारण पक्कं आहे. पिकणारी केळी इथिलीन वायू सोडतात. केळी पिकवायच्या चेंबरमध्ये मुद्दाम सोडतात तोच हा वायू. केळं त्याने मऊ होतं, ॲस्परॅगस मात्र त्याने उलटा कडक होतो. एकाच पिशवीत अर्धा डझन पिकलेली केळी आणि ॲस्परॅगसची जुडी असा प्रवास केला, तर बाकी सगळी काळजी वाया जाते. आंबे, पपई, टोमॅटो यांच्यापासूनही लांब ठेवा. उन्हाळ्यात फ्रिजच्या खालच्या खणात आंबे असतातच, तेव्हा ते बाहेर काढा.

पायरी ३: फ्रिजमध्ये

घरी आल्या आल्या, चहा टाकायच्याही आधी, हे करा.

रबरबँड सोडा. तो घट्ट असतो, त्याखाली कोंब चेमटतात आणि तिथूनच सडतात. मध्येच एखादा कोंब चिकट झालेला असेल तर काढून टाका. जुडी धुऊ नका. खवल्यांत पाणी अडकलं की शेंडे कुजतात. बुडाचा सेंटिमीटरभर तुकडा धारदार सुरीने कापा, म्हणजे सुकलेलं तोंड जाऊन पाणी ओढायला वाट मोकळी होते.

एका उभ्या पेल्यात किंवा बरणीत दोन बोटं थंड पाणी घ्या, कोंब उभे ठेवा, वरून पातळ प्लॅस्टिकची पिशवी सैल पालथी घाला. उभे ठेवण्याला कारण आहे. कोंब अजून जिवंत असतो, आडवा ठेवला की शेंडा वर वळू पाहतो आणि दोन दिवसांत वाकडा होतो.

पेला फ्रिजच्या दारात ठेवायचा मोह होतो, कारण उंची तिथेच मिळते. पण दार दिवसातून पन्नासदा उघडतं आणि मे महिन्यात तिथे थंडपणा फारसा राहत नाही. आतल्या कप्प्यात, मागच्या बाजूला ठेवा. त्यासाठी एक जाळी काढावी लागली तरी काढा. जागाच नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून भाजीच्या खणात आडवे ठेवा. तेही चालतं, फक्त दोन दिवस कमी टिकतं. पाणी गढूळ झालं की बदला.

व्यापारी शीतगृहात शून्य ते दोन अंशांवर आणि भरपूर दमटपणात हा दोन-तीन आठवडे राहतो. घरच्या फ्रिजमध्ये तीन-चार दिवस धरून चाला, आणि दुकानात आधी किती दिवस गेलेत ते आपल्याला कुणी सांगत नाही, म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशीच संपवलेलं बरं. ओट्यावर पाण्यात ठेवून देणं मात्र अजिबात करू नका. फुलदाणीसारखं दिसायला छान दिसतं, पण खोलीच्या गरमीत कोंब वाढत राहतो, शेंडा उकलतो आणि बूड लाकूड होतं.

मलूल वेगळा, निबर वेगळा

नव्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. लटकलेला, वाकणारा कोंब म्हणजे मलूल. त्यातलं पाणी कमी झालंय एवढंच. बूड कापून तो बर्फाच्या पाण्यात उभा केला की अर्ध्या-पाऊण तासात बराचसा ताठ होतो. निबर कोंब दिसायला ताठ आणि देखणाही असू शकतो, पण त्यात दोरे तयार झालेले असतात, आणि ते दोरे ना पाण्याने जातात ना जास्त शिजवून. कुकरच्या चार शिट्ट्या दिल्या तरी गाभ्याचा लगदा होईल आणि दोरे तसेच दातात अडकतील.

म्हणजे दुकानात समोर दोनच जुड्या असतील, एक जरा मलूल पण बूड ओलं, शेंडे मिटलेले. दुसरी ताठ पण बूड तपकिरी, चिरलेलं. तर पहिली घ्या.

पायरी ४: कुठून कापायचं

"दोन्ही टोकं धरून वाकवा, जिथे मोडेल तिथून वरचं कोवळं" असं सगळीकडे सांगतात. कोंब मोडतो खरा, पण तो कुठे मोडतो हे तुम्ही कुठे धरला यावरही अवलंबून असतं. हात जरा वर धरला की चांगला खाण्याजोगा तुकडाही खालच्या भागासोबत जातो. इतक्या महाग भाजीला हा न्याय नाही.

त्यापेक्षा सुरी वापरा. कोंब पाटावर आडवा ठेवा. बुडापाशी सुरी टेकवा आणि हलका दाब द्या. सुरी अडली, करकरली, तर बोटभर वर सरका. पुन्हा दाबा. एका जागी सुरी आपसूक आत जाते, आवाज न करता. तिथून कापा. एका कोंबाची जागा कळली की त्याच जाडीच्या बाकीच्या कोंबांनाही साधारण तीच लागू पडते.

कापलेल्या जागेपासून वर, कोंबाचा साधारण तिसरा हिस्सा साल काढायच्या सोलण्याने हलकेच सोलून घ्या, विशेषतः कोंब जाड असतील तर. दोरे सालीतच जास्त असतात हे वर आलंच आहे. सोललं की खालचा भाग शेंड्याइतकाच वेळ घेतो आणि सगळा कोंब एकसारखा शिजतो. बारीक कोंब सोलत बसू नका, हाती काही उरणार नाही.

आता धुवा. शेंडे खाली करून पातेल्याच्या पाण्यात हलवा, कारण खवल्यांत बारीक वाळू असते. वाळू तळाला बसली की कोंब उचलून घ्या. पाणी ओतून टाकून नव्हे, नाहीतर वाळू परत वर येते.

पायरी ५: शिजवणं

आपल्या हाताला भाजी पुरती शिजवायची सवय. इथे तो हात आवरायचा.

पाण्यात शिजवायचा असेल तर मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळून उकळा, मीठ घाला, झाकण न ठेवता कोंब सोडा. बारीक कोंबांना एक-दोन मिनिटं, जाडांना तीन-चार. चिमट्याने मधोमध उचलून बघा: दोन्ही टोकं किंचित झुकली पाहिजेत, लोंबली नाही पाहिजेत. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. उन्हाळ्यात नळाच्या पाण्यावर विसंबू नका, टाकीतून येतं तेच कोमट असतं. माठाचं पाणीही यासाठी पुरेसं गार नाही. लिंबू पिळायचं ते वाढताना. शिजताना आंबट घातलं की हिरवा रंग मरून मेंदीचा होतो.

मला स्वतःला तव्यावरचा आवडतो. तवा चांगला तापू द्या, शेंगदाण्याचं तेल दोन चमचे, कोंब पुसून कोरडे करून एका थरात पसरा. ओले टाकले तर भाजत नाहीत, वाफवतात. दोन मिनिटं हलवू नका, खाली तपकिरी डाग पडू द्या. मग उलटा. शेवटच्या अर्ध्या मिनिटात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि जाडसर शेंगदाण्याचा कूट, मीठ, आणि उतरवा. कळण्याच्या भाकरीबरोबर हा जमतो. काळा मसाला मात्र घालू नका. त्यापुढे याची चव कुठल्या कुठे जाते आणि मग महागाची भाजी कशाला आणली असा प्रश्न पडतो.

निबर बुडखे आणि उरलेले कोंब

कापून टाकलेले बुडखे फेकू नका. बारीक चिरून वीसेक मिनिटं पाण्यात उकळा, मिक्सरमधून काढा आणि गाळून घ्या. गाळणीत दोऱ्यांचा चोथा राहतो, खाली हिरवट, गोडसर पाणी येतं. त्यात बटाटा घालून सूप करा किंवा वरणात वापरा. न गाळता वापरलं तर मुलं पहिल्याच घासाला ताट सरकवतील.

जास्तीचे कोंब फ्रीझरमध्ये टाकायचे असतील तर आधी वर सांगितल्याप्रमाणे उकळत्या पाण्यातून काढा, गार करा, पुसा, मग डब्यात. कच्चेच टाकले तर वितळल्यावर लिबलिबीत होतात. फ्रीझरमधले कोंब तव्यावर भाजायला चालत नाहीत, सूप किंवा पुलावासाठी ठेवा.

पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी अजून दोन गोष्टी. खाल्ल्यानंतर काही तासांत लघवीला उग्र वास येऊ शकतो. कोंबातल्या गंधकयुक्त घटकामुळे तो येतो, काही लोकांना येतो, काहींना येत नाही किंवा जाणवत नाही. घाबरून दवाखाना गाठायचं कारण नाही. दुसरी गोष्ट थोडी गंभीर: यात 'व्हिटॅमिन के' बरंच असतं (आपण 'क' जीवनसत्त्व म्हणतो ते 'सी', हे वेगळं). रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर ताटभर खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

परसात लावायचा विचार असेल तर रोपं मिळतात, झाड जगतंही. पण आपल्या उन्हात कोंब वीतभर व्हायच्या आत डोकं उकलतो, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ वाफ्यावर नजर ठेवायची आणि आखूड असतानाच कापायचा. पहिली दोन वर्षं कापायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा.